काळ्या दगडावरची रेघ

इंदूरच्या सराफ्याला दोन पाळ्या आहेत. दिवसा गाद्यांवर सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री नऊच्या सुमाराला शटरं खाली आली की त्याच दुकानांच्या पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा आणि मावाबाटी यांचं राज्य सुरू होतं. बाहेरगावच्या पाहुण्याला बहुधा रात्रपाळीच ठाऊक असते. या लेखाला मात्र दिवसपाळीतली एक वस्तू हवी आहे, ती म्हणजे कसोटीचा दगड. काळाभोर, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा. दागिना त्यावर घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाची काडी फिरवायची आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचं. हॉलमार्कची सक्ती 2021 साली आली, क्ष-किरणांवर चालणारी यंत्रं काउंटरवर आली, तरी दगड पुरता गेलेला नाही. या दगडाची मर्यादा जुन्या सराफाला पक्की ठाऊक असते. तो फक्त पृष्ठभागाचं सांगतो. वर सोन्याचा जाड मुलामा आणि आत तांबं असेल तर रेघ उत्तमच उमटते. म्हणून शंका आली की सराफ आधी कानशीनं खाच पाडतो आणि आतल्या धातूला दगड लावतो. त्याहूनही खात्री हवी असेल तर नमुना मुशीत घालून आटवतात. हा दगड आठवायचं कारण वैद्यकीय शिक्षण. ते सुधारण्याची चर्चा आपल्याकडे गेली पन्नास वर्षं दागिना कसा घडवावा याचीच होते आहे. समस्याधारित शिक्षण आणावं, मिश्र शिक्षण आणावं, लहान गट करावेत, स्मार्ट वर्ग बांधावेत. त्या दागिन्याला शेवटी कोणता दगड लागणार आहे, याची चर्चा फारशी होत नाही. समस्याधारित आणि मिश्र या दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पुरावा त्यांच्या बाजूनं झुकतो, पण कसोटी जुनीच ठेवली तर त्या मुलाम्यापलीकडे जाणार नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

इंदूर या विषयाला परकं नाही. वैद्यकशाळा इथे 1878 साली सुरू झाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावानं ओळखली गेली आणि मध्य भारतातल्या संस्थानांना डॉक्टर पुरवत राहिली. 1948 साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘एमवाय’, त्याच्याशी जोडलं गेलं. झाबुआ, अलिराजपूर, धार, खरगोन, बडवाणी इथून निघालेला रुग्ण शेवटी याच दारात येतो. या महाविद्यालयात आज एका वर्षाला 250 जागा आहेत. देशाचा आकडा पाहिला तर 2014 साली एमबीबीएसच्या जागा 51 हजारांच्या आसपास होत्या, दहा वर्षांत त्या एक लाखाच्या वर गेल्या. महाविद्यालयं 387 होती, ती सातशेच्या पुढे गेली. डॉक्टर हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण वर्ग दुप्पट करणं सोपं असतं, शिक्षक दुप्पट करणं नसतं. अडीचशे मुलांच्या सभागृहात मागच्या ओळीतला विद्यार्थी स्लाइडचा फोटो काढतो आणि मोकळा होतो. त्याला दोष देता येत नाही. त्या तासात त्याच्याकडून दुसरं काही अपेक्षितच नसतं.

हे बदलावं असं वाटणारे लोक आधीही होते. भोर समितीनं 1946 सालीच म्हटलं होतं की डॉक्टर सामाजिक जाणिवेचा घडवायचा तर प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण हवं. 1975 साली श्रीवास्तव समितीनं तोच सूर लावला. त्यातून 1977 साली वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देणारी ‘रोम’ योजना निघाली आणि महाविद्यालयांना खेड्यांत न्यायला गाड्या मिळाल्या. गाड्या गेल्या, दिशा फारशी वळली नाही. या सगळ्यात ठळक अपवाद वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे महाविद्यालय सुरू केलं. पहिल्या वर्षाची मुलं आधी आश्रमात राहतात, खादी घालतात आणि त्यांची तुकडी एक गाव दत्तक घेते. योगायोग असा की त्याच 1969 साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठानं वैद्यकाची पहिली तुकडी समस्याधारित पद्धतीनं शिकवायला घेतली. एकानं विद्यार्थ्याला गावात नेलं, दुसऱ्यानं रुग्णाची गोष्ट विद्यार्थ्यांच्या टेबलावर आणून ठेवली. दोघांचा रोख एकच होता: आधी माणूस, मग प्रकरण पहिलं. पन्नास वर्षांनी, 2019 च्या तुकडीपासून, आपल्या देशात क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. व्याख्यानांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त नको, उरलेला वेळ चर्चा, प्रात्यक्षिकं आणि रुग्ण यांसाठी, पहिल्याच वर्षी रुग्णालयाची ओळख, वृत्ती-नीती-संवादासाठी ‘एटकॉम’ नावाचा स्वतंत्र भाग. पुढे कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला. कागदावर सेवाग्राम आणि मॅकमास्टर दोघंही आता नियमात बसलेत.

समस्याधारित म्हणजे नेमकं काय, हे इथे थांबून पाहायला हवं, कारण या शब्दाखाली हल्ली काहीही खपतं. शिकवून झाल्यावर शेवटी एक ‘केस’ दाखवणं म्हणजे समस्याधारित शिक्षण नव्हे. त्यात समस्या आधी येते, तिच्यासाठी लागणारं ज्ञान विद्यार्थ्याकडे अजून नसतं आणि ते नसल्याची बोच हाच अभ्यासाचा पहिला धक्का असतो. सात-आठ जणांचा गट, एक मार्गदर्शक, फळा. पहिल्या बैठकीत शब्द समजून घ्यायचे, प्रश्न ठरवायचा, शक्यता मांडायच्या आणि आपल्याला काय माहीत नाही याची यादी करायची. मधले दोन-तीन दिवस वाचन. दुसऱ्या बैठकीत त्या यादीचा हिशोब. ‘मिश्र’ शिक्षण या मधल्या दोन-तीन दिवसांत येतं. व्याख्यानाचा ठरावीक भाग ध्वनिचित्रमुद्रित असतो, सोबत छोटी प्रश्नावली, आणि प्रत्यक्ष भेटीचा वेळ मात्र बोलण्यासाठी, तपासण्यासाठी, चुका करण्यासाठी.

सराफ्यासाठीच एक समस्या रचून पाहू. सराफ्याच्या मागच्या गल्लीत माडीवर कारागिरांच्या खोल्या असतात. छत बुटकं, खिडकी एक, ती धूळ येऊ नये म्हणून बंद. अडतीस वर्षांचा एक कारागीर दुपारभर मंगळसूत्राच्या वाट्यांचे सांधे झाळत बसला. रात्री अंग मोडून आलं, घसा खवखवला, हुडहुडी भरली. शेजारच्या दवाखान्यात ‘व्हायरल’ म्हणून गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना चढताना त्याला धाप लागली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला एमवायच्या अपघात विभागात आणलं, तेव्हा तो वाक्य पुरं करू शकत नव्हता. विद्यार्थ्यांच्या हाती पहिला कागद एवढाच. गट कामाला लागतो. फ्लू, न्यूमोनिया, दमा, हृदय, आणि या देशात कोणीही पहिल्या पाच मिनिटांत काढतोच तो क्षयरोग. मार्गदर्शक उत्तर देत नाही, एवढंच विचारतो की हे सगळं त्याच दिवशी का सुरू झालं. मग कोणीतरी म्हणतं, तो करत काय होता? इथून दार उघडतं. सांध्याला लावलेल्या मिश्रधातूत कॅडमियम असेल तर? बाजारात ‘केडीएम’ म्हणून ओळखलं जाणारं सोनं याच धातूवरून नाव घेतं. कॅडमियम 321 अंशांना वितळतं आणि 767 अंशांना उकळतं. फुंकणीच्या ज्योतीपुढे ते वाफ होतं, आणि खिडकी बंद असते. सोन्याचा कस न घालवता सांधा जोडता येतो म्हणून कारागिरांनी ते घेतलं. गिऱ्हाइकाला शुद्धता मिळाली, वाफ मात्र कारागिराच्या वाट्याला आली.

या एका कागदातून किती विषय उलगडतात ते बघा. ती वाफ फुप्फुसाच्या सर्वांत आतल्या पिशव्यांपर्यंत कशी पोचते, हा शरीररचनेचा प्रश्न. लक्षणं काही तास उशिरा का येतात आणि सुरुवातीला फ्लूसारखी का वाटतात, हा शरीरक्रियाशास्त्राचा. शरीर कॅडमियमला मेटॅलोथायोनिनशी बांधून ठेवतं, मूत्रपिंडात ते दहा-वीस-तीस वर्षं मुक्काम करतं आणि लघवीतून बारीक प्रथिनं जाऊ लागतात, हा जीवरसायनशास्त्राचा. याला हमखास उतारा नाही, प्राणवायू आणि आधार हाच उपचार, ही औषधशास्त्रातली नम्रता. मोजकीच माणसं काम करतात ती खोली कारखान्यांच्या कायद्यांच्या कक्षेत सहसा येत नाही, मग त्या खोलीत झरोका पाडायला कोण सांगणार, हा सामाजिक वैद्यकाचा प्रश्न. आणि त्याला ‘उद्यापासून हे काम सोडा’ असं सांगायचं कसं, त्यानं घर चालवायचं कसं, हा एटकॉमचा. सहा विभागांनी सहा महिन्यांत वेगवेगळे शिकवले असते असे सहा तुकडे इथे एका माणसाच्या छातीत एकत्र येतात. स्मरणशक्तीवर काम करणारे सांगतात की माहिती ज्या संदर्भात शिकली त्या संदर्भात ती लवकर आठवते. इथे तो संदर्भ म्हणजे तो जिना.

रचलेली केस आहे म्हणून तिला पोकळ समजू नये. माळव्यात याच प्रश्नाची खरी आणि फार कडवट उदाहरणं आहेत. मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली करणाऱ्या कारखान्यांतली धूळ आणि त्यातून कामगारांना जडलेला सिलिकोसिस हे व्यवसायजन्य आजारांच्या भारतीय अभ्यासातलं गाजलेलं प्रकरण आहे. त्यानंतरचं झाबुआ, अलिराजपूर आणि धारच्या आदिवासी मजुरांचं. गुजरातेत गोध्र्याकडच्या गारगोटी दळणाऱ्या गिरण्यांत काही महिने काम करून ही माणसं खोकत घरी परतली. अनेकांना क्षयरोगाची औषधं दिली गेली आणि ती लागू पडली नाहीत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली गुजरात सरकारला ते द्यायला लावले. त्यात उपचार करणाऱ्यांचं अज्ञान हा एकच दोष होता असं नव्हे. पण क्षयरोगाचं प्रकरण पाठ असलेला डॉक्टर ‘तुम्ही काम काय करता?’ हे विचारायचं विसरला तर काय होतं, ते या जिल्ह्यांनी पाहिलं. तीनशे वर्षांपूर्वी, 1700 साली, इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनीनं कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात वैद्यानं विचारायच्या प्रश्नांत हाच एक प्रश्न वाढवला. त्यानं लिहिलेल्या आजारांत पाऱ्यानं मुलामा देणाऱ्या कारागिरांचेही आजार आहेत. एवढा जुना प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात आहेच. फक्त तो माहितीच्या एका ओळीत आहे, सवयीत नाही.

आता पुराव्याकडे. इथे उत्साही मंडळी जेवढं सांगतात तेवढं सोपं चित्र नाही. 1993 साली या विषयावरचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. दोन्हींचा सारांश थोडक्यात असा की समस्याधारित शिकलेल्या मुलांना शिकणं जास्त आवडतं, रुग्णाशी वागणं बरं असतं, पण मूलभूत शास्त्रांच्या परीक्षेत ती कधीकधी मागे पडतात. 2003 साली फिलिप डोखी आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात हेच दुसऱ्या बाजूनं दिसलं: ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात स्पष्ट फायदा, निव्वळ ज्ञानात किंचित तोटा, मात्र जे शिकलं ते जास्त काळ टिकलेलं. 2008 साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात पदवीनंतरच्या डॉक्टरांचा आढावा आला. त्यात अनिश्चिततेशी जुळवून घेणं, संवाद, कायद्याचं आणि नीतीचं भान या बाबतींत समस्याधारित शिक्षणाचा चांगला परिणाम दिसला. म्हणजे आपल्याला हवं तेच वाढतं आणि आपण मोजतो ते किंचित घटतं. कसोटीचा मुद्दा इथूनच सुरू होतो. याच्या विरोधातला सर्वांत धारदार लेख 2006 चा, किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा. त्यांचं म्हणणं, नवशिक्याला उघड्यावर सोडलं की त्याच्या कामचलाऊ स्मृतीवर इतका भार येतो की शिकणं होतच नाही, नवशिक्याला स्पष्ट शिकवावंच लागतं. हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. आपल्याकडे ‘स्वयंअध्ययन’ असा तास वेळापत्रकात लिहून शिक्षक निघून जातात, तिथे तर तो शब्दशः लागू पडतो. पण तो समस्येवर नाही, वाऱ्यावर सोडण्यावर आहे. हार्वर्डनं 1985 साली समस्याधारित ‘न्यू पाथवे’ आणला. पुढे तिथेच आधी घरी व्हिडिओ आणि प्रश्नावली, मग वर्गात शिक्षकासह केस, अशी जास्त बांधीव पद्धत तपासली गेली. सरासरी फरक दिसला नाही, पण आधी कमी गुण असलेल्या विद्यार्थ्यांना या बांधीव पद्धतीचा जास्त लाभ झाला. इंदूरसारख्या ठिकाणी, जिथे एकाच बाकावर नामांकित शाळेतला आणि तालुक्याच्या सरकारी शाळेतला विद्यार्थी बसतो, तिथे हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मुक्त समस्या नको, बांधलेली समस्या हवी, आणि बांधायला मिश्र शिक्षण हवं.

मॅकमास्टरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण समस्याधारित पद्धतीचे भाट ती वगळतात. परीक्षांचा जाच नको म्हणून तिथे आधी लेखी परीक्षाच जवळजवळ नव्हती. 1980 च्या दशकाच्या शेवटी राष्ट्रीय परवाना परीक्षेत त्यांच्या विद्यार्थ्यांचं नापास होण्याचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा खूप वर गेलं. उपाय म्हणून त्यांनी समस्या बंद केल्या नाहीत, व्याख्यानं परत आणली नाहीत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रोग्रेस टेस्ट’ आणली: वर्षातून काही वेळा, संपूर्ण अभ्यासक्रमावरची, पाठांतरानं न जिंकता येणारी आणि नापास करण्यापेक्षा ‘तू कुठे आहेस’ हे सांगणारी चाचणी. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ती 1977 पासून होतीच. त्यानंतर मॅकमास्टरचे निकाल सुधारले. पद्धत तीच, दगड नवा.

मिश्र शिक्षणाबद्दल पुरावा जरा सरळ आहे. आरोग्यशिक्षणातल्या मिश्र पद्धतीच्या छप्पन अभ्यासांचं विश्लेषण 2016 साली प्रसिद्ध झालं आणि मिश्र पद्धत न वापरलेल्यांच्या तुलनेत ज्ञानात स्पष्ट वाढ दिसली. त्याआधी 2014 साली विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरच्या 225 अभ्यासांच्या आढाव्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के मुलं नापास होत होती, कृतिशील वर्गांत 21.8 टक्के. पण सर्वांत बोलका प्रयोग हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला, 2019 चा. सुरेख व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. प्रत्यक्षात जास्त शिकली ती झगडून सोडवणारी मुलं. म्हणून ‘विद्यार्थ्यांनाच व्याख्यान हवं असतं’ या आक्षेपाला फार वजन देता येत नाही. खरी गोष्ट वेगळीच आहे. मिश्र शिक्षण आपल्याकडे आलेलं आहे, फक्त ते महाविद्यालयानं आणलेलं नाही. पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करून देणारी ॲप्स दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये असतात. दीडपट वेगानं व्हिडिओ, प्रश्नसंच, देशभरातली क्रमवारी. रात्री हे, सकाळी हजेरीसाठी सभागृह. म्हणजे मिश्रणातला अर्धा भाग बाजारानं उचलला आणि दुसरा अर्धा, ज्यात शिक्षकाची गरज होती, तो महाविद्यालयानं व्याख्यानातच घालवला. हा वेळ परत मिळवणं हेच मिश्र शिक्षणाचं पहिलं काम. इंटरनेट आणि वीज हा अडथळा आता तेवढा मोठा राहिलेला नाही, त्यावर जास्त शाई घालवत नाही.

आता सर्वांत जड आक्षेप: माणसं कुठून आणायची? हिशोब उघड मांडू. 250 विद्यार्थी, आठ-आठच्या गटांनी 31 गट. एका समस्येच्या दोन बैठका, प्रत्येक दोन तासांची, म्हणजे एका समस्येला शिक्षकांचे 124 तास. तेवढाच मजकूर सभागृहात चार तासांत ‘उरकतो’. वर्षाला दहा समस्या घेतल्या तर 1,240 तास. आकडा भीतिदायक वाटतो. पण हे तास पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विभागांतल्या साठ शिक्षकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षभरात वीस-एकवीस तास येतात, महिन्याला दोनही नाहीत. अर्थात साठ शिक्षक असतील तर. नव्या महाविद्यालयांत ते नसतात, हे मान्य. तिथे दुसरे मार्ग आहेत. सहा-सात जणांचे संघ एकाच सभागृहात बसवून दोन-तीन शिक्षकांनी चालवायची संघाधारित पद्धत आहे. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक करता येतं, आणि ते कधीकधी प्राध्यापकापेक्षा बरे ठरतात, कारण आपण स्वतः कुठे अडखळलो ते त्यांना अजून आठवत असतं. खरी अडचण संख्येपेक्षा स्वभावाची आहे. पंचवीस वर्षं बोलून शिकवलेल्या माणसाला दोन तास गप्प बसायला सांगणं सोपं नाही. त्यासाठी प्रशिक्षण लागतं, आणि त्या कामाची परंपरा मराठी मुलखातच आहे. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात, म्हणजे केईएममध्ये, 2005 पासून फेमर संस्थेचं केंद्र देशभरातल्या वैद्यक-शिक्षकांना अध्यापनाचं प्रशिक्षण देत आलं आहे आणि डॉ. अविनाश सुपे यांच्यासारख्या शल्यविशारदांनी त्यात आयुष्याचा मोठा वाटा घातला. बढतीच्या निकषांत मात्र शोधनिबंध मोजले जातात, गप्प बसण्याचं कसब नाही.

भाषेचा आक्षेप इंदुरात विशेष ऐकू येतो. गटात बोलायचं तर इंग्रजी चांगलं असलेला बोलतो, बाकीचे मान हलवतात. 16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळमध्ये पहिल्या वर्षाच्या हिंदी पाठ्यपुस्तकांचं प्रकाशन झालं, त्यावर टिंगल आणि टाळ्या दोन्ही झाल्या. पुस्तकांची भाषा हा वाद बाजूला ठेवू. बोलण्याची भाषा हा जास्त निकडीचा प्रश्न आहे. गटचर्चा हिंदी-इंग्रजी-मराठीच्या ज्या खिचडीत मुलं एरवी बोलतात त्याच खिचडीत व्हायला हवी, संज्ञा इंग्रजी राहू द्या. शिवाय रुग्ण इंग्रजीत खोकत नाही. तो माळवी, निमाडी, भिली बोलतो. ‘छाती भरून येते’ आणि ‘छातीत भरून येतं’ यांतला फरक कोणत्याही व्हिडिओत नसतो. समस्येचा कागद लिहिताना रुग्णाचे शब्द त्याच्याच बोलीत ठेवले तर तालुक्यातून आलेला मुलगा गटात एकदम मौल्यवान ठरतो. व्याख्यानाच्या सभागृहात त्याला ही संधी कधी मिळत नाही.

जुनेजाणते डॉक्टर आणखी एक म्हणतात: हे सगळं आम्ही वॉर्डात करतच होतो, खाटेशेजारी उभं राहून, नाव मात्र परदेशी नव्हतं. यात पुष्कळ तथ्य आहे आणि थोडी आठवणींची साखरही. चांगल्या गुरूची फेरी म्हणजे उत्तम समस्याधारित शिक्षण, हे खरंच. पण ती फेरी मिळणं नशिबाचं होतं, आणि आज एका खाटेभोवती पंचवीस मुलं उभी राहतात, त्यांतल्या मागच्या वीस जणांना रुग्ण दिसतही नाही. त्या दिवशी वॉर्डात कॅडमियमचा रुग्ण असेलच असंही नाही. रचलेली समस्या वॉर्डाची जागा घेत नाही. वॉर्डात काय बघायचं त्याची नजर ती आधी तयार करते.

तर पुन्हा दगडाकडे. विद्यार्थी शेवटी ज्या परीक्षेसाठी जगतो ती पदव्युत्तर प्रवेशाची: 200 बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, एका प्रश्नाला मिनिटभराहून थोडं जास्त. तिच्याऐवजी यावी म्हणून 2019 च्या कायद्यात योजलेली ‘नेक्स्ट’ पुढे ढकलली जात राहिली. बहुपर्यायी प्रश्न वाईट नसतात, चांगले लिहिले तर विचारही तपासतात. पण चार पर्यायांत ‘कॅडमियम’ हा शब्द दिसला की तो ओळखता येतो. समोर कॅडमियम लिहिलेलं नसताना ते सुचणं ही वेगळी गोष्ट. ही रेघ सुंदर उमटते आणि आत काय आहे ते सांगत नाही. आतली परीक्षा घ्यायची साधनं नवीन नाहीत. 1975 साली स्कॉटलंडमध्ये रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ची पद्धत मांडली: विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटांत काहीतरी करून दाखवतो आणि परीक्षक ठरलेल्या तक्त्यावर गुण देतो. जॉर्ज मिलर यांनी 1990 साली ‘माहीत आहे’ पासून ‘करतो’ पर्यंतचा पिरॅमिड मांडला आणि आपण तळाशीच रेंगाळतो हे दाखवलं. आपल्या विद्यापीठांत ऑस्की आहे, पण बहुतेक ठिकाणी ती विषयाच्या परीक्षेतला एक कोपरा असते.

राष्ट्रीय परीक्षा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्या हातात आहे आणि त्यात वर्षभरातल्या बैठकांचे गुण, मॅकमास्टरसारखी एखादी प्रगतीची चाचणी आणि दहा-बारा टेबलांची ऑस्की बसवता येते. एका टेबलाचं चित्र असं. खुर्चीवर रुग्णाची भूमिका करणारा माणूस. त्याच्या समोरच्या कागदावर फक्त ‘खोकला, धाप, तीन दिवस’. तो स्वतःहून काहीही जास्त सांगणार नाही, विचारलं तरच सांगेल. परीक्षकाच्या तक्त्यावर श्वासाची गती मोजण्याला एक गुण, क्षयरोगाची तपासणी सुचवण्याला एक, रुग्ण बोलत असताना मध्ये न तोडण्याला एक, आणि ‘तुम्ही काम काय करता?’ याला दोन.